बावीस खोकी

पलीकडच्या देशाने आयातकर वाढवला तेव्हापासून सुताराची अन्नावरची वासना उडाली होती. गिअरच्या कारखान्याचा माल त्याच्याच लाकडी खोक्यांतून बोटीवर चढायचा, आणि त्याची मुलगी त्याच कारखान्यात लेथ मशीन चालवायची. चार महिन्यांत एकाही खोक्याची ऑर्डर नव्हती. बातम्यांत विकासदराचं नाव निघालं की तो टीव्हीचा आवाजच बंद करायचा.

म्हणून व्यवस्थापकाचा फोन आला, "मोठी बावीस खोकी हवीत, परदेशी जायची आहेत," तेव्हा बायको म्हणाली, "आता तरी दोन घास नीट खा. पार काडी झालीय तुमची."

मापं घ्यायला तो कारखान्यात गेला, तर गोदाम रिकामं. व्यवस्थापकाने त्याला मशिनांच्या रांगेपाशी नेलं आणि आवाज खाली आणला. "हीच. बावीसच्या बावीस तिकडच्या कंपनीने विकत घेतलीत. कामगारांना सोमवारी सांगू. तोवर कोणी विचारलं तर दुरुस्तीसाठी मोजतोय म्हणा."

सुताराने खिशातून मापाचा टेप काढला आणि पहिल्या मशीनला लावला. तिसऱ्या मशीनवरून मुलगी हसली. "आलात बाबा? ऑर्डर आली ना? उगाच जीव जाळत होतात. पण इथे काय मोजताय?"

"दुरुस्ती आहे," तो कसाबसा म्हणाला.

"मग एवढं लांब एकटे कसे मोजाल?" तिने मशीन बंद केलं, हात पुसले आणि टेपचं दुसरं टोक धरलं.