रविवारी चूल बंद

रविवार होता, म्हणून सोजरबाईंनी चूल पेटवली नाही.

"आवर की, रामहरी," तात्याबा पोराला म्हणाले. "लोकं पोहे भिजवून बसली असतील."

रामहरी जुनंच ब्लेड काचेच्या पेल्यात घासून धार लावत होता. हे ब्लेड दिवाळीपासून चाललं होतं. तो शाळामास्तर होता, वय एकतीस, आणि आज एकोणिसावी मुलगी बघायला निघाला होता.

दोन वर्षं पाऊस नव्हता. रेशनवर मिलो ही परदेशी लाल ज्वारी मिळत होती, साखर मिळाली तर मिळत होती. साऱ्या सोलापुरानं हात आखडला होता, पण गिरणीकामगार तात्याबांना त्यात नवं काही वाटलं नाही. त्यांच्या घरी काड्यापेटीतली काडी ब्लेडनं उभी चिरून दोनदा वापरत. चहाचा चोथा पत्र्यावर वाळवून पुन्हा उकळत. शेजारच्या कमलम्मांच्या नि त्यांच्या खोलीमधल्या भिंतीला भोक पाडून त्यात एकच बल्ब टांगला होता. अर्धा उजेड ह्यांचा, अर्धा त्यांचा. बल्ब मात्र कमलम्मांचा.

रविवारची युक्ती सगळ्यांत वरची. दर रविवारी एक मुलगी बघायची. चालत जाण्याच्या अंतरावरची, म्हणजे एस्टीचं भाडं नको. मध्यस्थ नको, गिरणीत कानावर येईल तेवढं पुरे. पोहे, चहा, कुठे शिरा. जाताना रीत म्हणून सोजरबाई मुलीची ओटी भरायच्या, खण आणि नारळ. खण गिरणीतल्या उरल्यासुरल्या कापडाचा, नारळ मारुतीपुढं एकदा फिरून आलेला, पुजाऱ्याकडून स्वस्तात. मग बुधवारपर्यंत निरोप जायचा, "देवक एकच निघालं हो. सोयरीक कशी करणार?"

पाचव्या मुलीनंतर हे रामहरीच्या ध्यानात आलं होतं. तरी तो जात राहिला. आई त्या एका दिवशी पोटभर खायची, आणि परक्या घरात कुणी आणखी वाढू का म्हणून विचारलं की लाजून ताट पुढं करायची. घरी तिला कुणी विचारत नसे.

एकोणिसावं घर महिपतींचं. मोडनिंबहून येऊन इथं स्थायिक झालेले, दोन खोल्या, दारात झाडून घेतलेलं अंगण. तात्याबा बसले आणि त्यांची नजर फिरू लागली. दारावरचा पडदा ओटीच्या खणांचे तुकडे जोडून शिवलेला होता, शंभर रंगांचा. भिंतीला भोक, भोकात बल्ब. चहा आला तो दुसऱ्या उकळीचा. तात्याबांनी एका घोटात ओळखलं. पोह्यांत ना कांदा, ना शेंगदाणा, खोबरं मात्र सढळ हातानं. पोहे आणणारा तरुणसुद्धा घरातलाच वाटत होता. कुणाच्या बशीत चार दाणे उरले तर तो ते परत भांड्यात सारत होता.

"घर चांगलं हाय," तात्याबा सोजरबाईंच्या कानाशी लागले. आजवरच्या अठरा घरांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

मुलगी आली. यशोदा. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळं विचारून झालं. मग तिनंच मान वर केली आणि रामहरीला विचारलं, "तुम्ही आजवर किती मुली बघितल्या?"

"अठरा."

"दमला असाल," ती म्हणाली.

हसली नाही. रामहरीला एवढ्या रविवारांत पहिल्यांदा कुणीतरी त्याची विचारपूस केल्यासारखं वाटलं.

सोजरबाईंनी ओटी भरली. यशोदा खण-नारळ घेऊन सराईतासारखी आत गेली. तात्याबा सवयीनं उठू लागले, तेवढ्यात रामहरी म्हणाला, "मला मुलगी पसंत आहे. इथंच ठरवू या."

तो उत्तरासाठी बापाकडं बघत राहिला. तात्याबांनी पडद्याकडं पाहिलं, बल्बाकडं पाहिलं, आणि परत खाली बसले.

"मलाबी पसंत हाय," ते म्हणाले.

सोजरबाईंनी पदर डोळ्यांना लावला. महिपतींचा चेहरा मात्र उतरला. ते म्हणाले, घाई कशाला, आधी देवक बघायला पायजे. तुमचं कोणतं?

"कळंब."

"अरारा. आमचंबी कळंबच की."

हे वाक्य तात्याबांनी स्वतः अठरा वेळा वापरलं होतं. ते गालात हसले. "चुकलो बघा. कळंब माझ्या मामाकडं. आमचं वड हाय."

महिपतींनी मग गावाकडच्या चुलत्याला विचारावं लागेल म्हणून सांगितलं. तात्याबा म्हणाले, कार्ड टाका, तोवर आमी थांबतो. महिपती म्हणाले, पत्रिका हरवलीय. तात्याबा म्हणाले, आमचीबी. शेवटी महिपती हुंड्यावर आले, दुष्काळात झेपायचा नाही म्हणाले.

"हुंडा नको," रामहरी म्हणाला. "मानपान नको, जेवणावळ नको. दोन हार लागतील, ते मी आणतो. यशोदाबाईंची हरकत नसेल, तर आणखी कुणाची असायचं कारण नाही."

महिपतींजवळची कारणं संपली. त्यांनी तरुणाकडं बघून मान हलवली.

पोह्यांचं भांडं घेतलेला तरुण पुढं झाला. त्यानं रामहरीच्या हातातली रिकामी बशी अगदी हलक्या हातानं काढून घेतली.

"तुमचं काय चुकलं न्हाय, मास्तर," तो म्हणाला. "मीबी असाच बघाय आलो हुतो, मलाबी ती अशीच आवडली. चार वर्सं झाली आमच्या लग्नाला."