वीस लिटर की पन्नास

यासेरने पन्नास लिटरचं मशीन टेम्पोतून उतरवून जिन्यापाशी ठेवलं, पण खोका उघडला नाही.

"ताई, आधी ठरवा. उघडलं की तुमचं झालं. नाहीतर आजच उदगीरच्या पार्टीला द्यायचंय. ते फोनवर फोन करायलेत."

दिपाली त्याला घेऊन जिना चढली. वरच्या खोलीत दिव्यांखाली चार फळ्यांवर बेसिल वाढत होती, पिझ्झावर घालतात ती तुळस. माती नाही, नुसतं पाइपांतून फिरणारं पाणी. लातुरातल्या एका हॉटेलने उद्या सकाळी पहिली तोड मागितली होती. आणि खिडकीकडच्या फळीवर, पानांच्या मागे, कालपासून करडी बुरशी दिसायला लागली होती.

भिंतीवरच्या मीटरवर आर्द्रता अठ्ठ्याहत्तर टक्के होती. हवी होती साठ. हवेतला दमटपणा ओढून दिवसाला वीस लिटर पाणी काढणारं मशीन कोपऱ्यात घरघरत होतं. यासेरच्याच नांदेडच्या दुकानातून मागच्या आठवड्यात आणलेलं.

"मी तेव्हाच म्हणलो होतो, मोठं घ्या," यासेर म्हणाला. "तुम्ही म्हणालात, हिशोब केलाय."

"हिशोब बरोबर आहे. खोली केवढी ते बघायचं नसतं. झाडांना पाणी किती देतो ते बघायचं. झाडं जेवढं पितात, जवळपास तेवढंच पानांमधून हवेत सोडतात. मी रोज बारा लिटर घालते. वीसचं मशीन पुरून उरायला पाहिजे."

"आणि रोज निघतंय किती?"

"पूर्ण वीस. तरी हवा ओली."

यासेरने फळ्यांकडे एक नजर टाकली. "म्हणजे तुमची झाडं पितात कमी आणि घामेजतात जास्त."

तेवढ्यात दिपालीचे वडील, ग्यानोबा, बादली घेऊन आत आले. जन्मभर गावात नळाच्या पाइपांचे वॉल फिरवून पाणी सोडायचं काम केलेला माणूस. आता निवृत्त. मुलगी कॉलेजात शिकवायला गेली की दिवसभर ही खोली त्यांच्या ताब्यात असे.

"बसा की यासेरभाई. चहा टाकलाय." त्यांनी मशीनची भरलेली टाकी अलगद ओढली, एक थेंब न सांडता बादलीत ओतली आणि ते मागच्या गॅलरीच्या दाराकडे निघाले.

दिपाली आज पहिल्यांदाच दुपारची घरी होती. ती बादलीकडे बघत राहिली.

"बाबा, ते पाणी कुठं नेता?"

"कूलरात."

"कूलर तर तुमच्या खोलीत आहे."

"ते रात्री. दिवसा हितं असतोय."

त्यांनी खिडकीवरचा काळा पडदा बाजूला सारला. खिडकी उघडी होती. बाहेर गॅलरीत, स्टुलावर, घरातला पत्र्याचा कूलर खोलीकडे तोंड करून बसला होता. त्याच्या जाळ्यांतून अजून पाणी ठिबकत होतं.

"आत्ता पावणे आले म्हनून बंद केला. लई आवाज करतोय."

दिपालीने विचारलं, "कधीपासून?"

"हे मशीन आल्यापास्नं. गरम वाफा टाकायलंय ते. सगळी खोली तापती. झाडं उकडून निघायलीत, दिपे. त्यान्ला बोलता येत न्हाई म्हनून काय झालं?"

दिपालीने मशीनकडे बघितलं, मग बादलीकडे, मग कूलरकडे. मशीन हवेतून पाणी काढत होतं. बाबा ते कूलरमध्ये ओतत होते. कूलर ते परत हवेत सोडत होता. मशीन जितकं जास्त चाले तितकी खोली तापे, आणि खोली तापली की बाबा कूलर वाढवत.

यासेर भिंतीला टेकून हसायला लागला. "काका, आठवडाभर दोघांची कुस्ती लावून दिली तुम्ही. आणि खुराक दोघांना एकाच बादलीतून."

"मग फेकून देऊ का पानी?" ग्यानोबा जरा दुखावून म्हणाले. "लातुरात?"

आता दिपालीलाही हसू आवरेना. तिने खिडकी लावली, कडी घातली. "ह्या तुळशीला उकाडा चालतो, बाबा. ओलावा नाही चालत."

तिघांनी जिन्यात बसून चहा घेतला. यासेर मध्येच उठून मीटर बघून आला. चौऱ्याहत्तर. दुसऱ्या कपानंतर परत गेला. सहासष्ट. तोपर्यंत दिपालीने खिडकीकडच्या फळीवरची बुरशी लागलेली रोपं उपटून पिशवीत भरली होती. बाकीच्या तीन फळ्या स्वच्छ होत्या. उद्याची तोड निघणार होती.

यासेरने खोका स्वतःच उचलला. "उदगीरला कळवतो, निघालो म्हणून. ताई, हिशोब तुमचा बरोबरच होता. फक्त त्यात काका धरायचे राहिले."

टेम्पो गेला. ग्यानोबा अजून बादली घेऊनच उभे होते.

"मंग ह्याचं काय करू?"

"झाडांच्या टाकीत घाला. त्यांचंच आहे."

"म्हंजे तेच पानी, त्याच झाडान्ला?"

"हो. रोज."

ग्यानोबांनी बादलीतल्या पाण्याकडे बघितलं. "जन्मभर पानी सोडलं," ते म्हणाले. "परत आलेलं कवा बघितलं न्हाई."

त्यांनी बादली हळूहळू टाकीत रिकामी केली. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि, रस्त्यावर वॉल उघडल्यावर पाणी आलं का ऐकायचे तसा, फळीच्या शेवटच्या पाइपाला कान लावला.