तिरके तंतू

आता शाळेत मांडीला पट्टा बांधून स्नायू मोजल्याशिवाय कुणालाच खेळ मिळत नसे. नववीतल्या मृण्मयी टेंभेला धावायचं होतं.

"तुझ्या स्नायूंचे तंतू आखूड आणि तिरके आहेत," पडद्यावरचं चित्र बघत शेलारबाई म्हणाल्या. "वेग कमी, पण जोर भरपूर. तू रस्सीखेचीत जा."

मृण्मयी हिरमुसली, पण गेली. अंतिम सामन्यात तिने पाय रोवले आणि समोरच्या आठही मुली घसरत अलीकडे आल्या.

"आता खूश ना?" बाईंनी विचारलं.

"हो बाई. पण उद्या शंभर मीटरला माझं नाव घाला ना."

"अगं, शेवटची येशील!"

"शेवटची तर शेवटची!"

बाईंनी हसून नाव लिहिलं. मृण्मयी शेवटचीच आली, पण रेषा ओलांडूनही ती थांबेना.