आणखी थोडा बनोश

पहिला घास तोंडात गेला आणि त्या पोराचं तोंड असं झालं, जसं कुणी त्याला साबण चारलाय. हाफियानं ते पाहिलं. पाहून तिला बरंच वाटलं.

"नाही ना आवडला?"

"आवडला की, मावशी. पहिल्यांदाच खातोय."

"ते दिसतंय."

मक्याची भरड आंबट सायीत घालायची, तूप सुटेपर्यंत घोटायची, वर मेंढीचं चीज आणि डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. बनोश म्हणजे एवढंच. डोंगरातली पोरं दात येण्याआधी तो खायला शिकतात. आणि हा पंचविशीतला घोडा चमच्याच्या टोकानं चीज उकरून बाजूला सारत होता.

उन्हाळाभर हाफियाच्या अंगणात शहरातले लोक जेवायला येत. फोटो काढत, वा वा करत, अर्धं टाकून जात. त्यांचं तिला काही वाटत नसे. पण हा एकटा होता. पायी आला होता. पाठीवर पिशवी होती. आणि मागच्या कड्यापलीकडे रुमेनिया होता. लढाई लागल्यापासून सैन्यभरती चुकवणारे असे कितीतरी जण या वाटेनं गेले होते. पोटभर खायचं, अंधार पडला की कडा चढायचा, आणि पलीकडे उतरून जीव वाचवायचा.

"कुठला रे तू?"

त्यानं घाईघाईनं एक मोठा घास तोंडात कोंबला. तो गिळून होईपर्यंत हाफिया कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"खेर्सोनकडचा."

"म्हणजे खाली दक्षिणेच्या सपाटीवरचा कलिंगडवाला," चुलीपाशी बसलेला तानासी म्हणाला. हा हाफियाचा धाकटा दीर. सत्तरी उलटली होती, पण जीभ अजून विशीतली होती. "वहिनी, त्याला काहीतरी मऊ द्या हो. चावायला त्रास होतोय बिचाऱ्याला."

पोरानं मान वर केली नाही. त्याचा चमचा हातात थरथरत होता. हाफियानं वाकून वास घेतला. दारू नव्हती. म्हणजे नुसतीच भीती.

तानासीनं चुलीत घालायला आणलेला ओंडका धाडकन खाली टाकला. त्यासरशी पोरगा बाकाखाली. दोन्ही हात डोक्यावर.

तानासी खो खो हसत सुटला. "अरे, हा कडा चढणार? वाटेत ससा दिसला तर परत येईल!"

पोरगा उठला, गुडघे झटकले, पुन्हा वाडग्यापुढे बसला. त्याला लाजही वाटली नाही, याचा हाफियाला जास्त राग आला.

"खरं तर आमच्याकडे बनोश पुरुषांनी शिजवायचा असतो," ती म्हणाली. "पुरुष म्हणजे काय, ते तुला ठाऊक असेल तर. माझा लेक ओलेक्सा शिजवतो. तो असता तर तुला खरी चव कळली असती."

"कसा शिजवतो?"

त्यानं आपणहून विचारलेली ही पहिली गोष्ट. सांगायचं नव्हतं, तरी हाफिया सांगत गेली. चुलीजवळ कुणाला फिरकू देत नाही. डाव एकाच दिशेनं फिरवतो. चुकून उलटा फिरला तर सगळी कढई कुत्र्याला घालायला निघतो. लहानपणी एकदा भुवया जाळून घेतल्या, तरी रडला नाही, साय उतू जाईल म्हणून.

सांगता सांगता तिला हसू आलं. मग ते कुणासमोर आलं हे ध्यानात येऊन तिनं तोंड मिटलं.

"आता खंदकात बसलाय तो. तुझ्या वाटणीचंही तोच लढतोय. खा तू. सावकाश खा."

पोरानं वाडगा पुढे केला. "आणखी थोडा वाढता?"

तिनं आदळून वाढलं. तो खात राहिला. आवडीनं नव्हे, औषधासारखं, एकेक घास, मध्येच थांबून, पुन्हा घेत. दुसरा वाडगा संपला. त्यानं तिसरा मागितला.

तानासी तिच्या कानाशी लागला. "वहिनी, चौकीवर कळवून येऊ का? सीमेवरचे शिपाई येऊन घेऊन जातील."

"जेवू द्या, भावजी. पोट भरलं की पळता येत नाही."

तिसऱ्या वाडग्यात तिनं मुद्दाम खरवड घातली. काळी, करपलेली, कढईच्या बुडाची. पाहुण्याला कुणी देत नाही अशी. पोरानं तीही खाल्ली. खाताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"इतकं नाजूक असू नये माणसानं," हाफिया म्हणाली. "तुझी आई आहे का रे?"

त्यानं मान हलवून हो म्हटलं.

"तिला ठाऊक आहे तू कुठं आहेस ते?"

"आहे."

"आणि तिला काही वाटत नाही?"

त्यानं बोटानं वाडग्याची कड पुसली. मग वाडगा पुन्हा पुढे केला.

"आणखी थोडा, मावशी."

"संपला!" हाफियानं कढई उचलून त्याच्या नाकासमोर उपडी धरली. "खरवडसुद्धा तुझ्याच पोटात गेली. आता काय, कढई चावतोस? ऊठ. कडा तिकडे आहे. जा, जीव वाचव. आणि पलीकडे कुणी विचारलं तर या गावात जेवलास म्हणून सांगू नकोस, आम्हाला लाज वाटेल."

तानासीनं बसल्या जागी टाळी वाजवली.

पोरगा उठला. कड्याकडे त्यानं पाहिलंही नाही. तोंड पुसलं, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि टेबलाला वळसा घालून हाफियासमोर येऊन ताठ उभा राहिला. मग वाकून त्यानं बाक तिच्या बाजूला ओढला.

"मावशी, आधी तुम्ही बसा," तो म्हणाला. "मला ओलेक्साच्या तुकडीनं पाठवलंय."