गाळलेली पानं

"गाठ साधीच आहे," असं बायकोला छातीठोकपणे सांगून बापाने खरा रिपोर्ट कपाटात स्वेटरांखाली दडवला होता. आज ती ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. लेकीचं मन रमावं म्हणून त्याने तिच्या लाडक्या पुस्तकावरचा जुना सिनेमा लावला. पुस्तक त्याने कधी उघडलंही नव्हतं. वाचून दाखवायचं खातं आईकडे. गाणी झाली, बोलक्या बदकाच्या खोड्या झाल्या आणि एकाएकी गोष्टीतल्या मुलीची आई अंथरुणाला खिळली. बापाने रिमोटवर झडप घातली, तर घाईत भलतंच बटण दाबून आवाजच वाढला.

"राहू दे बाबा. ती मरते, मला माहितेय," लेक म्हणाली. "आई ही पानं नेहमी गाळायची."

"मग तुला कसं कळलं?"

"काल आईने कपाटातले स्वेटर काढून बॅग भरली ना, त्यानंतर तिने तेवढीच पानं वाचून दाखवली. दोनदा. म्हणाली, बाबाला एवढ्यात काही बोलू नकोस, तो फार घाबरतो."