कवेलूखालचे केस

"आईलाही बोलवा. तिचंही रक्त घ्यायचं आहे," डॉक्टर भावना म्हणाल्या.

खाटेवर बसलेल्या रुचिताने बापाकडे पाहिले. गुलाब दाराला टेकून उभा होता.

"ती नाई आता," तो म्हणाला. "पोळ्याच्या आधी गेली. धानाच्या बांधीत साप चावला."

डॉक्टरबाईंनी हातातली रिकामी नळी परत पेटीत ठेवली. लहान पोरांना साखरेची बिमारी का होते, ते शोधायला त्या नागपूरहून येत. पोर, आई आणि बाप, तिघांचे रक्त नेत. मागच्या साली इथे नाकाडोंगरीत आल्या, तेव्हा रुचिताची आई सुमनबाई बांगड्या वर सारून आपणच पुढे झाली होती.

"घ्या बाई. माह्या रक्तातून आली का पोरीले, एकडाव समजू द्या."

गुलाबने तिला आत ओढून दार लावून घेतले होते. "समजाचं काय त्यात? तुह्या माहेरचीच बिमारी हाय. गावभर कायले सांगाचं?"

सुमनबाईने बांगड्या खाली सोडल्या. नंतर तिने तो विषय काढला नाही.

"जरा थांबा," म्हणून गुलाब घरात गेला. पाटावर चढून त्याने छपराच्या कवेलूखालच्या फटीत हात घातला. विंचरताना निघालेले केस सुमनबाई तिथे खोचून ठेवी. केसांच्या बदल्यात भांडी देणारी बाई आली की रुचिताच्या इन्सुलिनच्या सुयांसाठी सुमनबाईला झाकणाचा डबा घ्यायचा होता. गुलाबने तो गुंता बाहेर आणून डॉक्टरबाईंसमोर धरला.

"हे तिचे केस. याच्यावरून पाहा."

"गुलाबभाऊ, असल्या केसांवरून नाही समजत. रक्तच लागतं."

"मंग एवढंच सांगा. तिच्याकडून आली का?"

"अशी एकाकडून येत नाही ही बिमारी. थोडं आईकडचं असतं, थोडं बापाकडचं, थोडं बाहेरचं. आम्हालाच अजून पुरतं कळलं नाही. पण दोष कोणाचाच नसतो."

"हे मांगच्या साली नाई सांगतलं तुम्ही."

"तुम्ही दार लावून घेतलं होतं, भाऊ."

गुलाबने बाही वर केली. रुचिता खाटेवर सरकून त्याच्याजवळ आली.

"सुईकडे पाहू नका बाबा. नाई पाहिलं तं दुखत नाई."

पण तो पाहत राहिला.

डॉक्टरबाईंची गाडी गेली. दुपारी गल्लीत हाक आली, केसांवर भांडे घ्या, भांडे. रुचिता वेणी सोडून दारात बसली होती. फणी हातातच राहिली.

"बाबा, मायचा डबा घेता का?"

"राहू दे."

हाक पुढच्या गल्लीत गेली. रुचिताने फणीतले केस बोटाला गुंडाळले आणि बापाला दिले. "मंग माहे केसबी ठेवा तिथंच. माहा हात नाई पुरत."

सुमनबाईचा गुंता गुलाबने अजून वर ठेवला नव्हता; तो खिशातून काढून त्याने हे केस तळहातावर त्याच्याशेजारी ठेवले. तसेच बारीक, तसेच भुरकट. दारातून वारा आला तशी त्याने मूठ मिटली. पाटावर चढून पुन्हा उघडली, तेव्हा त्यातले कोणाचे कोणते, ते त्याला सांगता येईना.