चुन्याचा तिसरा हात

"बूट राहू देत बाबा, हे आता घर नाही, संग्रहालय आहे," उल्फा हसून म्हणाली. खमैसनं काढलेला बूट ओशाळून परत पायात चढवला.

लेक इथे गाईड म्हणून लागून महिना झाला होता आणि बापाला आणायचंच म्हणून हट्टाला पेटली होती. खमैसनं उभा जन्म गावातल्या भिंतींना चुना दिला. चित्रकार सी झुबैर, म्हणजे झुबैरसाहेब, यांच्या या घरालाही, दर रमजानच्या आधी. आज त्यानं लग्नातला कोट घातला होता. नखांतला चुना मात्र कोटाला जुमानत नव्हता.

ट्युनिसहून आलेली सात-आठ माणसं घेऊन उल्फा चित्रकाराच्या कामाच्या खोलीत शिरली आणि एका कोऱ्या भिंतीपाशी थांबली.

"सी झुबैरनी शेवटचं मोठं चित्र इथे काढलं होतं. कोळशानं. अख्खं गाव होतं त्यात. ते इस्पितळात असताना कुणीतरी वर चुना फासला. तज्ज्ञांनी खरवडून पाहिलं. एखादा हात असता तर काहीतरी वाचलं असतं. पण पठ्ठ्यानं तीन हात दिलेत!"

"कोण हा गाढव?" मोत्यांची माळ घातलेल्या एका बाईनं विचारलं.

"नाव सी झुबैरनी कधीच सांगितलं नाही. जाईपर्यंत नाही."

त्या रेघोट्या खमैसला चांगल्या आठवत होत्या. आजारी माणूस रमजानला घरी येणार, आणि भिंत ही अशी काळीकुट्ट? दोन हात नेहमीचे. तिसरा त्यानं आपल्या मनानं दिला होता, मायेनं. सी झुबैर आले. भिंतीसमोर खुर्ची ओढून बसले. मग उठले, स्वतः चहा केला आणि पहिला पेला त्याच्यापुढे धरला.

"हात सफाईदार आहे तुझा, खमैस."

तीस वर्षं तो हे वाक्य मिरवत आला होता. कॉफीच्या दुकानात, लोकांच्या लग्नांत, उल्फाच्या पाळण्यापाशीसुद्धा. आता त्याला धड वर बघवेना. लाजेनं कान तापले होते.

"गाढवच," तो पुटपुटला. बाईनं मान डोलावली.

"आणि हे माझे बाबा!" उल्फानं त्याला दंड धरून पुढे ओढलं. "यांनी चुना दिलेल्या भिंतीची सी झुबैरनी तारीफ केली होती, स्वतःच्या तोंडानं! सांगा ना बाबा, कुठली भिंत ती?"

सगळे त्याच्याकडे वळले. उल्फाचा चेहरा तर नुसता फुलला होता. खमैसनं दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"ती पडली गं," तो म्हणाला. "कधीच पडली."